पडदा गोठतो तेव्हा

विरारहून सुटलेली लोकल वसईजवळ बंद पडली, की मोटरमन आधी जागेवरच बिघाड काढू पाहतो. ते न साधल्यास गाडी विरारच्या कारशेडला न्यावी लागते. मात्र त्याआधी मागच्या गाड्या थांबलेल्या असल्या पाहिजेत. हा क्रम आधीच लिहून ठेवावा लागतो.

संगणकातील ग्राफिक्स चिपचेही असेच आहे. मुख्य प्रोसेसर तिच्यापुढे कामांची रांग लावतो. त्यातले एखादे संपलेच नाही तर पडद्यावरचे चित्र गोठते. पण चिप अडकली आहे की काम नुसतेच लांबले आहे? कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ट्यूरिंगने 1936 सालीच दाखवले. (अकरावी-बारावीच्या वर्गात हा विषय जरूर काढावा.) म्हणून इथे सरळ घड्याळ लावतात. विंडोजमध्ये ही मुदत सहसा 2 सेकंदांची असते. ती टळली, की चिप नव्याने सुरू करण्याचा प्रयत्न होतो.

खरी पंचाईत त्यानंतर. चिपच्या स्मृतीतील चित्रे पुसली गेलेली असू शकतात आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ता नसतो. तो तेच काम पुन्हा पाठवील, चिप पुन्हा अडकेल. यावर लिनक्सच्या दस्तऐवजात 2023 साली जबाबदाऱ्या लिहिल्या गेल्या: ज्या प्रोग्रॅमला अशा प्रसंगाची चौकशी करता येते त्याने आपली मांडणी नव्याने उभारावी, ज्याला येत नाही तो बंद केला जावा.

एवढ्यानेही चिप सावरली नाही तर? 2025 साली लिनक्समध्ये त्यासाठी एक सूचना आली. चिप अडकल्याचे जाहीर करताना ड्रायव्हर उपायही सुचवतो: काहीच नको, ड्रायव्हर सोडून पुन्हा जोडा, किंवा ज्या बसवर चिप आहे तिथून तिला रीसेट करा. आणखी एक पर्याय आहे 'अज्ञात', आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो.

असा मजकूर तपासणाऱ्याने शुद्धलेखनापेक्षा क्रम पाहावा. सूचना देण्याआधी चिपचा मुख्य स्मृतीशी थेट व्यवहार तोडला आहे ना? नाहीतर अडकलेली चिप दुसऱ्याच प्रोग्रॅमची माहिती बिघडवील. ड्रायव्हर सोडण्याआधी चिप वापरणारे प्रोग्रॅम मिटले का? प्रोग्रॅममधील चूक निदान चालवून पाहता येते. दस्तऐवजातून गळलेली पायरी मात्र कोणी लक्षपूर्वक वाचल्याशिवाय सापडत नाही, आणि तो उघडला जातो पडदा काळा झाल्यावर, बहुधा दुसऱ्या संगणकावर.