ग्लास अर्धा रिकामाच हवा!

रूममेटला एकवीस पूर्ण झाली (महाराष्ट्रात वाइनसाठी हेच किमान वय) आणि आम्ही ठरवलं, बर्थडेला नाशिकची सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणायची. बाटली परवडली. घोडं अडलं ग्लासवर! ऑनलाइन बघावं तर रेडचे वेगळे, व्हाइटचे वेगळे, स्पार्कलिंगचे आणखी वेगळे. तेही सहा-सहाचे सेट. इंटर्नशिपचा स्टायपेंड तिथेच संपला असता. मग म्हटलं, आधी घरात आहे त्यातच पिऊन बघू.

चार भांडी जमली. स्टीलचं फुलपात्र, कटिंगचा ग्लास, कॉफीचा मग आणि शेजारच्या ताईंकडून मागून आणलेला एक वाइन ग्लास. प्रत्येकात दोन-दोन घोट ओतले. एकीने डोळे मिटायचे, दुसरीने भांडं नाकाखाली धरायचं.

वाइन ग्लास माझ्या नाकाशी आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "लिंबाची नोट आहे." रूममेट हसतच सुटली. तो भांडी घासायच्या साबणाचा वास होता. ग्लास गरम पाण्याने पुन्हा धुतला, सुती कपड्याने पुसला आणि टेस्ट पहिल्यापासून सुरू.

फुलपात्रात वास जवळपास आलाच नाही. त्याची कड बाहेर वळलेली असते, वास मोकळा सुटतो. कटिंगचा ग्लासही वर रुंदच. मगात कालच्या कॉफीचा मुक्काम होता. आणि वाइन ग्लास? रूममेट डोळे न उघडताच ओरडली, "पेरू! कच्चा पेरू!" एकाच बाटलीतली वाइन, बरं का.

आपण ज्याला चव म्हणतो, त्यातलं बरंचसं काम नाक करतं. ग्लासचं पोट मोठं आणि तोंड लहान असलं की वास आत साठतो. २०१५ मध्ये टोकियोतल्या संशोधकांनी ग्लासमधून उठणारी अल्कोहोलची वाफ कॅमेऱ्यात टिपली. वाइन १३ अंश सेल्सिअसला असताना वाइन ग्लासच्या कडेने वाफेची रिंग दिसली, मध्यभागी वाफ कमी. म्हणजे नाक मधोमध ठेवलं तर अल्कोहोलचा झणका कमी लागतो. सरळ ग्लासमध्ये अशी रिंग दिसलीच नाही.

मग प्रत्येक वाइनला वेगळा ग्लास हवाच का? ही कल्पना गाजवली ऑस्ट्रियाच्या रीडेल कंपनीने. क्लाउस रीडेल यांची त्यासाठीची ग्लासांची मालिका १९७३ ची. हौस म्हणून ठीक आहे. पण टेस्टिंगसाठी जो आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्लास १९७७ मध्ये ठरला, तो रेड-व्हाइट सगळ्यांना एकच! साधारण २१५ मिलीचा, उंची जेमतेम १५५ मिलिमीटर, आणि त्यात ओतायची फक्त ५० मिली. बाकी जागा वाइन गोल फिरवायला आणि वासाला. काठोकाठ भरलेला ग्लास फोटोत छान दिसतो, एवढंच.

दुकानात ग्लास वरून बघा. तोंडाची कड पोटाच्या आत दिसली पाहिजे. कड जितकी पातळ तितकी बरी. दांडी असेल तर हाताच्या उबेने थंड वाइन कोमट होत नाही. पण हॉस्टेलवर राहत असाल तर बिनदांडीचाही चालेल, तो लवंडत तरी नाही. घरी आणल्यावर उलटा ठेवू नका, कपाटाचा वास आत कोंडतो.

आणि एकवीसच्या आतल्यांनो, हाच प्रयोग वेलदोडा घातलेल्या पन्ह्यावर करून बघा. फरक तिथेही कळतो.

आम्ही शेवटी एकाच आकाराचे तीन सुटे ग्लास घेतले. एक पहिल्याच आठवड्यात सिंकमध्ये फुटला. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून तसाच एक आणला.