पंचवीस घरांचा पट: चल्लस-आठ, चौकाबारा, अष्टा चम्मा

जुन्या वाड्यांची नोंद करायला गेलं की आपण आधी वर बघतो. तुळया, कोरीव खांब, गणेशपट्टी, फार तर कोनाडे. ओसरीच्या फरशीकडे कुणी बघत नाही. बेळगावच्या जुन्या भागात फिरताना मी मात्र आता आधी खालीच बघतो. शहाबादी फरशीवर खिळ्याने किंवा विळ्याच्या टोकाने ओढलेल्या रेघा, पाच आडवी पाच उभी अशी पंचवीस घरं, आणि त्यांतल्या पाच घरांत फुल्या: चार बाजूंच्या मधल्या घरांत एकेक आणि एक अगदी मध्यावर. पोरांनी उगाच खरडलंय असं वाटतं. पण तो पट आहे, आणि वाड्याइतकाच त्याचाही वारसा आहे.

आमच्या घरी या खेळाला चल्लस-आठ म्हणत. शेजारच्या कन्नड घरात तोच चौकाबारा, कुणाकडे कट्टेमने. हैदराबादला वाढलेल्या माझ्या मामेबहिणीला 'अष्टा चम्मा' म्हटल्याशिवाय कळत नाही. बडोद्याचे आमचे एक नातेवाईक 'इस्टो' म्हणतात, तर इंदूरच्या वहिनी 'अष्ट चंगा पे'. सगळ्यांची मातृभाषा मराठी. घरात आमटी मराठीच शिजली, पण खेळ गल्लीत शिकला गेला, आणि गल्लीची भाषा जी होती तेच नाव खेळाला चिकटलं. आडनावावरून कूळ कळतं म्हणतात, पण कुटुंब तीन पिढ्या कुठे राहिलं हे मला या खेळाच्या नावावरून जास्त नेमकं कळतं.

गंमत म्हणजे यांतली बरीच नावं एकच गोष्ट सांगतात. खेळायला चार कवड्या लागतात. टाकल्यावर जितक्या उताण्या पडतील तितकं दान: एक, दोन, तीन. चारही उताण्या पडल्या तर चार. चारही पालथ्या पडल्या तर मात्र शून्य नाही, आठ! चार आणि आठ ही मोठी दानं, ती पडली की पुन्हा टाकायला मिळतं. नावं पडली ती या दोन दानांवरून. तेलुगूत अष्टा म्हणजे आठ, चम्मा म्हणजे चार. आपल्याकडे चल्लस म्हणजे चार आणि आठ म्हणजे आठच. कन्नड नावात चौका चाराचा आणि बारा आठाचा. मराठी कानाला हा 'बारा' भलताच फसवतो. 'बारा पडले' असं ओरडून समोरचा आठच घरं चालला की आमच्याकडचे पाहुणे हटकून भांडायला उठत. कट्टेमने हे नाव तेवढं वेगळं. कट्टे म्हणजे आपला कट्टाच आणि मने म्हणजे घर. फुलीच्या घरात बसलेली सोंगटी कुणाला मारता येत नाही. कट्ट्यावर बसलेल्या माणसाला कोण हलवणार?

आता खेळ. चौघांनी चार बाजूंना बसायचं, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आणि आपल्या समोरची फुली हे प्रत्येकाचं निघायचं घर. सोंगट्या म्हणजे काहीही चालतं, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, खडे, गुंजा. कवड्या नसतील तर चिंचोके एका बाजूने घासून पांढरे करायचे. तेलंगणात तर चिंचोक्यांनीच खेळण्याची पद्धत सर्रास. बाहेरच्या ओळीतून डावं घालून, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरायचं. आपल्या फुलीच्या अलीकडच्या घरात पोचलं की आत वळायचं, आणि आतली आठ घरं उलट दिशेने, घड्याळाप्रमाणे फिरून मधल्या फुलीत जायचं. असं प्रत्येक सोंगटी पटावरच्या पंचवीसही घरांतून जाते. म्हणजे निघाल्यापासून चोवीस पावलं, चार सोंगट्यांची मिळून ९६. कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली तर सोळा प्रकारांत चार एकदा येतं, आठ एकदा, आणि एका टाकीचं सरासरी दान निघतं अडीच. म्हणजे कुणी मारलं नाही तरी एकट्याला चाळिसेक टाक्या. पण कवडीची पाठ फुगीर असते, त्यामुळे प्रत्येक घरच्या कवड्यांना आपापली खोड असते. पाहुण्यांना आपल्या कवड्या देऊ नयेत हे त्यातलं शहाणपण.

हे सगळं ऐकून लूडो खेळणारी मुलं म्हणतात, 'मग हा लूडोच की!' नाही. लूडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतलं गेलं, आणि तो निघाला आपल्या पचिशीवरून. पचिशीचा पट अधिक चिन्हाच्या आकाराचा. चौरस पटाची परंपरा निराळी आहे. बौद्धांच्या ब्रह्मजाल सुत्तात भिक्षूंनी टाळायच्या खेळांची यादी आहे, तिच्यात आठ घरांच्या ओळींचा अट्ठपद आणि दहा घरांचा दसपद हे पहिलेच आहेत. बुद्धिबळाने आपला आठ-आठचा पट त्या अष्टापदाकडून घेतला, आणि जुन्या भारतीय बुद्धिबळ पटांवर ज्या बिनकामाच्या फुल्या दिसतात त्या तिथूनच आल्या असं एच. जे. आर. मरे यांचं मत होतं. आमच्या ओसरीवरच्या फुल्या त्याच घराण्यातल्या वाटतात. फक्त त्या अजून कामाच्या आहेत.

मला हा खेळ मित्रमंडळींत रंगवावासा वाटतो तो एका नियमासाठी. समोरच्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय तुम्हाला आत वळता येत नाही. लूडोत कुणाच्या वाटेला न जाताही माणूस जिंकू शकतो. इथे नाही. सज्जन माणूस बाहेरच्या ओळीतच चकरा मारत राहतो. त्यामुळे फुलीवर दबा धरून बसायचं की मारायला बाहेर पडायचं, हा पेच पहिल्या टाकीपासून सुरू होतो, आणि नेहमी गप्प बसणारी माणसं कशी डूख धरतात ते बघण्यासारखं असतं. आमच्या रविवारच्या बैठकीत यावरून दोन डॉक्टरांचा अबोला आठवडाभर चालला होता.

नियमांचे फरक मात्र घरागणिक. आपल्याच दोन सोंगट्या एका घरात आल्या की आमच्याकडे गट्टी होते. कन्नडमध्ये गट्टी म्हणजे घट्ट, पक्कं. मराठीतली गट्टीही इथे चपखल बसते. ही जोडी सम दानावरच चालते, दोन पडले तर एक घर, चार पडले तर दोन, आणि तिला मारायला समोरूनही जोडीच यावी लागते. बडोद्याच्या मंडळींना गट्टी ठाऊकच नव्हती. काही घरांत लागोपाठ तीन मोठी दानं पडली की तिन्ही जळतात. हल्ली बाजारात छापील कापडी पट मिळतात, सोबत नियमांचा कागद असतो. पट सुबक असतात, मीही दोन घेतलेत. पण त्या कागदाने सगळ्या घरांचे नियम एक होऊन जातात, आणि पुढची पिढी आजीला सांगते, 'आजी, तू चुकीचं खेळतेस.' ते मला सोसत नाही. कुठल्या घरचा नियम ते लिहून ठेवावं, बरोबर-चूक ठरवू नये.

दगडावरचे पट हंपीत ढिगाने आहेत, देवळांच्या आणि मंडपांच्या जमिनीवर. त्यांचा रीतसर अभ्यासही झाला आहे. मैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानने तर 'क्रीडा कौशल्य' नावाने पारंपरिक पटखेळांची प्रदर्शनंच भरवली. घरांच्या ओसऱ्या मात्र कुणाच्या यादीत नाहीत. वाडा पाडताना खांब विकले जातात, दरवाजे विकले जातात, फरशी भरावात जाते. आमच्या मंडळाने नोंद घेतलेल्या सात पटांपैकी तीन आज उरलेले नाहीत.

फोटो घ्यायचा तर भर दुपारी घेऊ नका, रेघा दिसत नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर रात्री जमिनीलगत बॅटरी धरून. शेजारी मोजपट्टी ठेवा. फरशी ओली करू नका, खडूने रेघा गिरवू नका. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर फोटोच्या आधी एक डाव त्यांच्याशी खेळा. विचारून जे नियम आठवत नाहीत ते हातात कवड्या आल्या की आठवतात.

आमच्या नोंदीतला सातवा पट मोठा आहे, सात आडवी सात उभी, एकोणपन्नास घरं. त्यावर सहा कवड्यांनी खेळतात. सहाही पालथ्या पडल्या तर किती, असं मी त्या घरच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, 'बारा.' म्हणजे या पटावर तरी बाराला बाराच घरं चालतात.