चाकावरची मोकळी जागा

पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगवली जातात, पाठीवर झूल चढते, गळ्यात घुंगुरमाळा येतात. सण संपला की झूल उतरते आणि मानेवर पुन्हा जू येते. शृंगार आणि काम यांची ही वाटणी आपल्या शेतकऱ्याने फार पूर्वीच करून ठेवली आहे. त्यामुळे झुलीची अडचण नांगराला कधी होत नाही. परंतु एकाच वाहनाने एकाच वेळी नटावेही आणि ओझेही ओढावे, अशी हौस निर्माण झाली म्हणजे यंत्रशास्त्राचा सल्ला घ्यावा लागतो. अमेरिकेतील अशाच एका हौसेविषयी आज आपण विचार करणार आहोत.

अमेरिकेच्या रस्त्यांवर एस.यू.व्ही. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवजड, उंच मोटारी फार. शेव्हरोले कंपनीची 'सबर्बन' ही त्यांतली एक; १९३५ सालापासून हे नाव अखंड चालत आले आहे. अशा गाडीचे वजन अडीच टनांच्या आसपास असते. तिच्यात सात-आठ माणसे बसतात आणि तिच्यामागे मोटारबोट किंवा फिरते घर जोडून सुटीच्या दिवशी कुटुंबे सरोवराची वाट धरतात. मागे जोडल्या जाणाऱ्या या वाहनाला तिकडे आणि आता आपल्याकडेही ट्रेलरच म्हणतात.

याच देशात गाडी जमिनीलगत उतरवण्याची परंपराही जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी ती रुजवली. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या कडीपेक्षा खाली असू नये, असा कायदा तेथे झाला, तेव्हा १९५९ साली रॉन अगिरे या तरुणाने आपल्या गाडीत जलदाबाची यंत्रणा बसवून ती हवी तेव्हा वर, हवी तेव्हा खाली करण्याची युक्ती काढली. पुढे ही आवड लहान मोटारींवरून मोठ्या मोटारींवर आली. मूळची १७ इंची चाके काढून २४ किंवा २६ इंची चाके चढवायची आणि गाडीचे अंग चार-पाच इंच खाली आणायचे, म्हणजे चाक व त्यावरील कमान यांमधली पोकळी नाहीशी होते. ती पोकळी या हौशी लोकांच्या डोळ्यांना खुपते. प्रश्न असा, की अशा गाडीने ट्रेलर ओढावा काय?

उत्तराची सुरुवात आपल्या बैलगाडीपासून करता येईल. गाडीत भार मागे जास्त झाला तर ती उलाळ होते, म्हणजे पुढचा भाग वर उचलला जाऊन जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. भार पुढे जास्त झाला तर बैलांची मान दबते. म्हणून जाणता गाडीवान पोती अशी रचतो, की जुवावर थोडासाच भार राहावा. पण राहावा खरा. ट्रेलरचाही नियम हाच आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या दांडीवर असावा लागतो. तो त्याहून कमी झाला, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ते झोके ओढणाऱ्या गाडीलाही आडवी करू शकतात.

आता थोडे गणित. ट्रेलर २५०० किलोग्रॅमचा आणि दांडीवरील भार बारा टक्के, म्हणजे ३०० किलोग्रॅम धरू. हा भार गाडीच्या मागच्या आसावर पडत नाही. आसाच्याही मागे, समजा १.२ मीटर अंतरावर, ट्रेलर अडकवण्याचा जो लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर पडतो. पुढच्या व मागच्या आसांत ३ मीटर अंतर असेल, तर मागचा आस तरफेचा टेकू बनतो. पुढच्या आसावरचा १२० किलोग्रॅम भार उचलला जातो आणि मागच्या आसावर ३०० नव्हे, ४२० किलोग्रॅम भार वाढतो. ज्या चाकांनी गाडी वळवायची, ती हलकी होतात. आणि मागचा भाग बसतो.

बसण्यासाठी त्याला जागा पाहिजे. स्प्रिंगचे काम असे, की खड्डा किंवा उंचवटा आला असता चाकाने वर यावे आणि गाडीने शक्यतो स्थिर राहावे. क्षेत्ररक्षक चेंडू झेलताना हात मागे घेतो. तो हात मागे घेण्यास जेवढे अंतर, तेवढा आघात सौम्य. समजा मूळ गाडीत मागच्या आसाला वर येण्यास चार इंच जागा होती. आखूड स्प्रिंगा घालून गाडी तीन इंच उतरवली, तर एक इंच उरली. ट्रेलर जोडताक्षणी तो इंचही संपतो. मग आस सांगाड्याखालच्या रबरी ठोकळ्यावर टेकतो, आणि पुढचा प्रत्येक धक्का सरळ सांगाड्याला, ट्रेलरच्या जोडाला व टायरला बसतो.

टायरची कथा याहून महत्त्वाची आहे. गाडीचा भार मुख्यतः टायरचे रबर पेलत नाही. रबरात कोंडलेली हवा पेलते. अशा गाडीच्या एका प्रचलित मूळ टायरवर २६५/७०आर१७ असा आकडा असतो. त्याचा अर्थ, रुंदी २६५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे सुमारे १८५ मिलिमीटर. २६ इंची चाकावरच्या ३०५/३०आर२६ या टायरची भिंत ९२ मिलिमीटरच्या आतच राहते. म्हणजे जवळजवळ निम्मी. चाक मोठे झाले, पण हवेची कोठी लहान झाली. टायरवर भारक्षमतेचाही एक अंक असतो. पहिल्यावर ११३ असेल, तर त्याचा अर्थ ११५० किलोग्रॅम. दुसऱ्यावर १०९ असेल, तर १०३० किलोग्रॅम. दोन टायर मिळून एका आसाची क्षमता २४० किलोग्रॅमने घटली. आणि ट्रेलरने तर त्याच आसावर ४२० किलोग्रॅम वाढवले आहेत! टायर मोठा दिसतो म्हणून तो जास्त पेलत असेल, ही समजूत येथे घात करते.

टायरचा एकूण व्यासही ८०३ मिलिमीटरवरून ८४३ वर जातो, म्हणजे पाच टक्के वाढतो. तेवढ्याच प्रमाणात रस्त्यावर मिळणारी ओढ कमी होते आणि ब्रेकची पकडही कमी होते. वेगमापकाचा काटा १०० दाखवीत असता गाडी १०५ ने धावत असते. शिवाय चाकाच्या कडेशी असलेले वजन जणू दोनदा मोजावे लागते. एकदा ते पुढे नेण्यासाठी व एकदा ते फिरवण्यासाठी. ब्रेकला ते दोन्ही थांबवावे लागते. लॉस एंजलिसच्या उत्तरेस 'ग्रेपव्हाइन' नावाचा प्रसिद्ध घाट आहे. त्याचा उतार सहा टक्क्यांचा आणि लांबी काही मैलांची. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेपाच टन वजन असेल, तर त्या उतारावर सुमारे ३३० किलोग्रॅम वजनाएवढा जोर त्यांना सतत खाली ढकलीत असतो. मागच्या बाकावर मुले झोपलेली असतात. अशा वेळी गाडी उभी असताना किती ऐटबाज दिसत होती, हा प्रश्न उरत नाही.

तेव्हा ही हौस सोडूनच द्यावी काय? तसेही नाही. गाडी उतरली म्हणजे तिचा गुरुत्वमध्य खाली येतो व आडव्या वाऱ्यात ती अधिक स्थिर राहते. आखूड भिंतीचे टायर आडवे कमी लवतात, हाही फायदाच. प्रश्न कितपत उतरवावी यापेक्षा कशी उतरवावी याचा आहे. पुढच्या बाजूस स्प्रिंग न तोडता, चाकाचा आस ज्यावर बसतो तो भागच बदलून तो आस वरच्या जागी घेता येतो. त्यायोगे गाडी खाली येते, पण स्प्रिंगची चाल शाबूत राहते. मागे अखंड आस असेल, तर त्याच्या वर सांगाड्यात कमान कापून, तिला पोलादाची जोड देऊन, गेलेली जागा परत मिळवता येते. काहीजण हवेच्या पिशव्या बसवतात. ट्रेलर जोडला, की दाब वाढवून गाडी पुन्हा सपाट करता येते. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: हवेच्या पिशवीने उंची सावरते, क्षमता वाढत नाही. आस, टायर व ब्रेक यांची मर्यादा होती तेथेच राहते.

ट्रेलर अडकवण्याचा गोळाही गाडीबरोबर खाली आलेला असतो. तो तसाच ठेवला, तर ट्रेलर नाक खाली करून चालतो, त्याच्या पुढच्या चाकांवर जादा भार येतो आणि पेट्रोलपंपाच्या चढावर जोड जमिनीला घासतो. म्हणून ट्रेलर आधी सपाट जमिनीवर समतल उभा करावा, त्याच्या जोडाची उंची मोजावी आणि त्या उंचीला येईल असा वर वळलेला दांडा गाडीला लावावा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत व ते आधी तपासावेत. शेवटी, माणसे व सामान भरून, ट्रेलर जोडून, गाडी वजनकाट्यावर न्यावी. प्रत्येक आसाचे वजन गाडीच्या दाराजवळील पट्टीवर छापलेल्या मर्यादेत आणि टायरच्या अंकातही बसते की नाही, ते पाहावे. दोहोंत जो आकडा लहान, तो खरा. तो ओलांडला जात असेल, तर ट्रेलर हलका करावा किंवा त्या दिवसापुरती जुनी चाके चढवावी.

चाकावरची ती मोकळी जागा हौशी माणसाला रिकामी वाटते. वस्तुतः ती रिकामी नसते. न आलेल्या भारासाठी, न दिसलेल्या खड्ड्यासाठी राखून ठेवलेली ती शिल्लक असते. संसारात गाठीला चार पैसे बांधून ठेवणारा माणूस श्रीमंत दिसत नाही. पण प्रसंग आला, की त्याचेच घर उभे राहते. वाहनाचेही तसेच आहे. ते सजवावे, आपल्या आवडीने नटवावे. मात्र ज्या दिवशी त्याच्यामागे ओझे आणि आत आपली माणसे असतील, त्या दिवसाची शिल्लक शृंगारावर खर्च करू नये.