खड्याच्या पोटावरचा चुना

मंडळी, एखादी जमीन किती जुनी आहे हे कळतं कसं? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे मला उत्तरापेक्षा 'कशावरून?' यात जास्त रस. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, लास क्रूसेसजवळच्या वाळवंटी खोऱ्याचं उदाहरण घेऊ.

तिथे रिओ ग्रांदे नदी टप्प्याटप्प्याने खाली कापत गेली. प्रत्येक वेळी जुनं पात्र गोट्यांसकट वर राहिलं. पायऱ्याच झाल्या म्हणा ना! वरची पायरी जुनी, खालची नवी. सर्वांत वरच्या ला मेसा या सपाटीवरून नदी वाहिली त्याला सात-आठ लाख वर्षं झाली.

आता खणून बघा. नव्या पायरीवर गोट्यांच्या फक्त पोटाला चुन्याचा पातळ थर असतो, कारण झिरपलेलं पाणी तिथे लोंबकळत सुकतं. त्याहून जुनीवर थर गोट्याला चहूबाजूंनी वेढतो. मग मधल्या फटी बुजतात. शेवटी पाणी खाली जाईना, की वर साचून चुन्याचे पापुद्रे धरतात. हीच कॅलिची. लीलँड गाइल आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली या चार अवस्था मांडल्या.

इथे शंका घ्यायलाच हवी. चुन्यावरून वय आणि वयावरून चुना, हा तर आपल्या नैयायिकांचा अन्योन्याश्रय दोष! पण तसं नाही. पायऱ्यांचा क्रम उंचीवरून, म्हणजे चुन्याला न विचारता, आधीच ठरलेला होता.

दुसरी शंका: चुना खालच्या खडकातूनच आला असेल तर? पण ज्या गोट्यांत कॅल्शियम जेमतेम, त्यांच्यावरही तो चढलेला दिसतो. तो येतो वाऱ्याच्या धुळीतून आणि पावसातून. (आपल्या काळ्या जमिनीतल्या चुनखडीला हे जसंच्या तसं लावू नका, आपल्या बेसाल्टमध्येच कॅल्शियम भरपूर आहे.)

आणखी एक अडचण आहे. गोटेरी जमिनीत पोकळी कमी, म्हणून ती लवकर बुजते; त्याच वयाची बारीक मातीची जमीन मागे राहते. तेव्हा तुलना करायची ती गोटेरीची गोटेरीशीच. अवस्था क्रम सांगते, वर्षं मोजून देत नाही.

आणि जाडसर थर फक्त पाठीवर असलेला गोटा सापडला, तर तो बहुधा उलटा झालेला असतो. त्याची साक्ष जपूनच घ्यावी.