पिन बसली, पण व्होल्टेज जुळले का?

1993 साली आमचे मेहुणे जेद्दाहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी आमच्या दुकानासाठी एक सुबक इस्त्री आणली. पिन चपटी होती म्हणून बाजारातून अडॅप्टर घेतला, बोर्डावर लावला आणि बटण दाबले. अर्ध्या मिनिटात जळका वास आला, फ्यूज उडाला आणि एका गिऱ्हाइकाच्या शेरवानीवर काळा डाग पडला. शेरवानीची भरपाई इस्त्रीच्या किमतीपेक्षा जास्त झाली. इस्त्रीच्या बुडाशी बारीक अक्षरांत '127 व्होल्ट' लिहिले होते. ते आम्ही नंतर वाचले.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कितीतरी घरांतून माणसे आखातात आहेत. त्यांच्या सामानातून आलेली उपकरणे घरात, शिलाईच्या दुकानात आणि शेवटी जुन्या मालाच्या बाजारातही पोहोचतात. म्हणून हा विषय व्यापाऱ्याने आणि कारागिरानेही समजून घ्यावा.

आपल्याकडे घरगुती पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असा आहे. दुबई, कुवेत, कतार, बहारीन, ओमान येथेही तो 220 ते 240 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ असल्याने तिकडच्या वस्तूंना बहुधा अडचण येत नाही. फक्त तीन चौकोनी दांड्यांची पिन बदलावी लागते. सौदी अरेबियाची गोष्ट वेगळी. तेथे अनेक वर्षे साध्या सॉकेटला 127 व्होल्ट आणि एसीसारख्या मोठ्या उपकरणांना 220 व्होल्ट अशी दुहेरी पद्धत होती. 2010 साली तेथील सरकारने टप्प्याटप्प्याने 230 व्होल्टकडे जाण्याचे ठरवले, तरी जुन्या मालावर 127 चाच शिक्का असतो. अमेरिकेत 120 आणि जपानमध्ये 100 व्होल्ट आहेत.

127 व्होल्टची वस्तू 230 वर लावली तर काय होते? व्होल्टेज दुप्पट झाले की त्याच तारेतून प्रवाहही दुप्पट जातो, म्हणून उष्णता चौपट होते. आपल्या हिशेबात ती सव्वातीन पट होते. म्हणजे 1000 वॅटची इस्त्री सुमारे 3280 वॅट खेचू लागते. प्रवाह 14 अँपिअरच्या वर जातो आणि आपले लहान सॉकेट असते 6 अँपिअरचे! आमची इस्त्री का जळाली ते यावरून कळेल. उलट, आपली 230 ची इस्त्री तिकडे 127 वर लावली तर ती जळत नाही, पण तिची उष्णता तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी होते. कपड्याची सुरकुती जात नाही.

लोक सर्वांत जास्त फसतात ते हर्ट्झच्या बाबतीत. सौदीत आणि अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची आहे. तिकडचा एसी '220 व्होल्ट' लिहिलेला आहे, मग आपल्याकडे चालेलच, असे विकणारा छातीठोक सांगतो. पण त्याच पट्टीवर पुढे '60 हर्ट्झ' एवढेच लिहिलेले असेल तर साध्या कॉम्प्रेसरची मोटर आपल्याकडे सहाऐवजी पाचच्या प्रमाणात, म्हणजे मंद फिरते आणि अधिक तापते. फ्रिजचे आणि पंख्याचेही तेच. मिक्सर किंवा घरगुती शिलाई मशीनच्या कार्बन ब्रश असलेल्या मोटरला हर्ट्झने फारसा फरक पडत नाही. तेथे फक्त व्होल्टेज जुळवले की भागते.

व्होल्टेज जुळवण्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. तो हर्ट्झ बदलत नाही, हे दुकानदाराला विचारल्याशिवाय तो सांगत नाही. काहीजण त्याऐवजी स्टॅबिलायझर मागतात. घरगुती स्टॅबिलायझर पुरवठ्यातील चढउतार सावरतो. 230 चे 110 करणे हे त्याचे काम नव्हे. ट्रान्सफॉर्मर घेताना उपकरणाच्या वॅटपेक्षा दीडपट क्षमतेचा घ्यावा, म्हणजे 400 वॅटच्या मिक्सरला 600 चा. इस्त्री, गीझर, टोस्टर यांच्यासाठी मात्र या भानगडीत पडू नये, असे आमचे मत आहे. एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो; त्यापेक्षा येथली नवी इस्त्री स्वस्त पडते.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा '100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असे लिहिलेले असते. तो कोठेही लावा. मात्र मधली रेघ नीट पाहावी. '110/220' असे तिरकी रेघ देऊन लिहिले असेल तर मागे निवडीचे बटण असू शकते. ते 220 वर सरकवल्याशिवाय पिन लावू नये.

अडॅप्टर म्हणजे केवळ पिनचा आकार बदलणारा तुकडा. आत व्होल्टेज बदलणारे काही नसते. स्वस्त अडॅप्टरमध्ये अर्थिंगही तुटते. लोखंडी बुडाच्या इस्त्रीला आणि मशीनला हे धोक्याचे आहे. 2000 वॅटच्या गीझरला जवळजवळ 9 अँपिअर लागतात. त्याला 16 अँपिअरचेच सॉकेट हवे, मग गीझर आखातातला असो वा भिवंडीतला.

जुना परदेशी माल विकणाऱ्या बांधवांनी पट्टीवरचे व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही बिलावर लिहावेत. पट्टी पुसलेली असेल तर तसे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. दुरुस्तीला वस्तू घेणाऱ्यानेही पावतीवर हीच नोंद करावी, म्हणजे जळलेली मोटर परत आल्यावर वाद होणार नाही. आम्ही आता दुकानात येणारी प्रत्येक परदेशी वस्तू आधी उलटी करून पाहतो. मेहुणे याला हसतात.