जुना वाडा, नवी किल्ली

मुलांनो, घरातलं जुनं कपाट आवरताना कधीकधी बाबांची नाहीतर काकांची एखादी संगणक-खेळाची सीडी सापडते. ती आजच्या संगणकात घालायला जावं, तर सीडीसाठी जागाच नसते! जागा असलीच, तर खेळ सुरू होत नाही, किंवा पडदा नुसता काळा होऊन बसतो. सीडी धडधाकट असते. बदललेला असतो तो संगणक.

जुना खेळ त्या काळच्या विंडोजशी आणि त्या काळच्या ग्राफिक्स कार्डाशी बोलायला शिकलेला असतो. आता ते कार्ड नाही आणि विंडोजही निराळं झालं. काही खेळ तर प्रोसेसरच्या वेगावरच पावलं टाकायचे. आजच्या संगणकावर त्यातला माणूस वाऱ्यासारखा सुटतो! मग भीतीच्या खेळात भीती कसली? हसूच येणार.

आता एक खेळ घेऊ. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९६ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल' काढला. शिंजी मिकामी त्याचे दिग्दर्शक. जंगलात एक मोठा वाडा, आत चालती मढी आणि आपल्याजवळ मोजक्याच गोळ्या. लढाई कमी, जीव वाचवणं जास्त. अशा खेळांना 'सर्व्हायवल हॉरर' म्हणायची रीत या खेळामुळंच पडली. पालकहो, दचकू नका. हे खेळ मोठ्यांचेच आहेत, लहानांनी खेळू नयेत. पण त्यांची गंमत समजून घ्यायला काय हरकत आहे?

या खेळात टंकलेखन यंत्र आहे, बरं का! खेळ कुठवर आला हे जपून ठेवायचं असेल, तर त्या यंत्रापाशी जायचं आणि एक शाईची फीत खर्च करायची. फिती थोड्याच. दुसऱ्या खोलीत जाताना अंधारात एक दार सावकाश उघडताना दिसतं. पुढची खोली सीडीवरून वाचायला वेळ लागायचा, तो झाकण्यासाठी ही युक्ती होती. आजच्या संगणकाला तेवढा वेळ लागत नाही. पण दारच काढून टाकलं, तर पलीकडं काय असेल या धास्तीचं काय करायचं?

या खेळाची चकचकीत नवी आवृत्ती केव्हाच आली होती. मग जुना कोण घेणार, असं कॅपकॉमला वाटत होतं. पण पोलंडमध्ये २००८ साली सुरू झालेल्या 'गॉग' या दुकानानं पिच्छा सोडला नाही. शेवटी जून २०२४ मध्ये १९९६ चाच खेळ विंडोज १० आणि ११ वर चालेल असा करून त्यांनी विकायला काढला. चित्र पडद्यावर उमटवणारा भाग सुधारला, पण वाडा तोच ठेवला. दुसरा आणि तिसरा भागही त्याच वर्षी आले. मला हे फार आवडलं.

सगळीकडं असं जमत नाही. 'सायलेंट हिल' या खेळातलं गाव कायम धुक्यात असतं. लांबचं गाव काढायची त्या वेळच्या यंत्राची ताकद नव्हती, म्हणून धुकं! २०१२ मध्ये कोनामी कंपनीनं दुसरा आणि तिसरा भाग नव्या रूपात आणला, तेव्हा धुकं विरळ झालं आणि मागची अर्धवट कामं उघडी पडली. कारण ऐका. कंपनीनं जपलेली आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, शेवटची नव्हतीच. आधीची, अपुरी होती.

हे काही फक्त जपानचं दुखणं नाही. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडं मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टाइप व्हायचा. त्यातली एखादी फाइल आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडा. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा चिवडा! किती स्मरणिका, किती प्रश्नपत्रिका अशा अडकून पडल्या असतील.

कधी यंत्राची नव्हे, तर मालकीची कुलपं असतात. 'सिस्टीम शॉक २' हा १९९९ चा खेळ. २०१२ मध्ये स्टीफन किक नावाचा अमेरिकन तरुण प्रवासात असताना तो खेळायला बसला, तर खेळ चालेना. विकतही मिळेना. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. शोध घेता घेता कळलं, की खेळाचे हक्क आहेत एका विमा कंपनीकडं! ऐकावं ते नवलच. किकनं तिलाच पत्र लिहिलं, बोलणी केली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो खेळ पुन्हा विक्रीला आला.