सागराचा समतोल

सोडावॉटरच्या बाटलीची गोटी आत ढकलली, की वायू फसफसत बाहेर येतो. गोटी तोंडाशी घट्ट बसलेली असताना मात्र आत सारे निश्चल दिसते. ही निश्चलता भासमान होय. तेथे जितका कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळत असतो, तितकाच त्याच वेळी पाण्याबाहेर पडत असतो. परस्परविरुद्ध क्रियांचा वेग असा सारखा झाला, म्हणजे त्या अवस्थेस रासायनिक समतोल म्हणतात. या समतोलावर बाहेरून भार पडल्यास, तो भार अंशतः हलका होईल अशा दिशेने समतोल सरकतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ल शातलिए याने १८८४ साली मांडला.

महासागर ही अशीच एक अफाट बाटली आहे. तिच्या तोंडाशी गोटीऐवजी वातावरण आहे. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड सागरात विरघळला, की त्याचे कार्बॉनिक अम्ल बनते आणि त्यातून हायड्रोजन व बायकार्बोनेट हे आयन निर्माण होतात. यांपैकी बहुतेक हायड्रोजन आयनांना पाण्यातील कार्बोनेट आपल्यात सामावून घेते व स्वतः बायकार्बोनेट बनते. म्हणूनच सागराची अम्लता एकाएकी वाढत नाही.

परंतु या सहनशीलतेची किंमत कार्बोनेटला मोजावी लागते. आणि प्रवाळ व शिंपले आपली घरे बांधतात ती याच कार्बोनेटचा कॅल्शियमशी संयोग घडवून. शिवाय ही सहनशीलता अमर्याद नाही. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे १० टक्के वाढला, तरी सागरातील एकूण विरघळलेला कार्बन जेमतेम १ टक्का वाढतो, असे रेव्हेल आणि झ्यूस यांच्या १९५७ सालच्या संशोधनाने दाखवून दिले.

हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. सागरपृष्ठाचा पीएच अंक औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ होता, तो ८.१ वर आला आहे. फरक अल्प भासतो. पण त्याचा अर्थ, हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून अधिक वाढले.

समतोल पुन्हा साधेल, यात शंका नाही. सागरतळीचा चुनखडीचा गाळ हळूहळू विरघळून कार्बोनेटची तूट भरून काढील. मात्र त्यास हजारो वर्षे लागतील. माणसाने हा भार घातला तो दोन-अडीच शतकांत. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच रचलेली आहेत. तेथील माणसाच्या पायाखालची भूमी या समतोलावरच उभी आहे.